तापलेला दगड की बिबट्या?

थर्मल कॅमेऱ्याच्या भिंगातून आपल्याला आरपार काही दिसत नाही. जर्मेनियमचं ते काळपट, चकचकीत भिंग डोळ्यांना दिसणारा उजेड अडवतं आणि उष्णतेचे किरण आत सोडतं. साध्या काचेचं नेमकं उलटं. जीपमध्ये बसून काचेतून कॅमेरा रोखला, तर समोरचं शेत दिसतच नाही. काचेत आपलाच चेहरा धुरकट उमटतो. त्यामुळे पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या शिवारात खाली उतरूनच सगळं बघावं लागलं.

2020 साली याच तालुक्यात बिबट्याने लहान मुलं उचलली. तेव्हापासून गर्भगिरीच्या पायथ्याच्या वस्त्यांवर दिवेलागणीनंतर पोरांना कुणी अंगणात सोडत नाही. ओळखीचा एक ड्रोनवाला अशा माग काढण्याच्या कामाला जातो, त्याच्यासोबत मी गेलो होतो. पडद्यावर गरम ते पांढरं, गार ते काळं. शेळ्या पांढऱ्या, बांधावरचा कुत्रा पांढरा, आणि माळावर दोन-तीन मोठे पांढरे गोळे, हुबेहूब पाय पोटाशी घेऊन बसलेल्या जनावरासारखे.

‘‘नाना, ते काय बसलंय वो?’’
‘‘दगड हायेत ते. दिवसभर तापल्यात,’’ पडद्याकडे न बघताच वस्तीवरचे नाना म्हणाले.

काळा पाषाण दिवसभराचं ऊन सावकाश सोडतो. दिवस मावळल्यावर दगड, माती आणि जनावराची कातडी यांची तापमानं काही काळ जवळजवळ येतात, आणि चित्र गढूळ होतं. म्हणून ड्रोनवाल्याची पसंती पहाटे चारला. नव्या पत्र्याचं छप्पर तर साफ खोटं बोलतं. ते स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, वरच्या थंड आकाशाचंच प्रतिबिंब दाखवतं, म्हणून शेजारच्या मातीपेक्षा कितीतरी गार भासतं. आणि उसात बिबट्या शिरला की कॅमेऱ्याचा इलाज संपला. पानाआडचं त्यालाही दिसत नाही. मधूनच कॅमेरा ‘टक्’ करतो, चित्र थबकतं. आत एक पडदी आडवी येते आणि तिच्या एकसारख्या तापमानावरून सगळे ठिपके आपला हिशेब जुळवून घेतात.

खोट्याचं मूळ एकच. हा कॅमेरा 8 ते 14 मायक्रॉनच्या एका पट्ट्यातून बघतो, आणि एका आकड्यावरून वस्तू गरम आहे की फक्त जास्त किरण सोडणारी आहे, हे ओळखता येत नाही. हवेला उष्णतेच्या किरणांसाठी दोन मोठ्या खिडक्या आहेत: 3 ते 5 मायक्रॉन आणि 8 ते 12. मधला भाग मुख्यतः बाष्प खाऊन टाकतं. अंगाच्या उबेचे किरण साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जोरकस असतात. चारशे अंश सेल्सियसच्या धुराड्याचे चार-साडेचारच्या. दोन्ही खिडक्यांतून एकाच वेळी बघितलं, तर पेटलेलं पाचट पहिलीत भडकून उठतं, माणूस दुसरीत ठळक दिसतो, आणि दगड व केस दोन्हीकडे सारखे वागत नाहीत. नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये रणगाड्यांवरचे जवान शिकतात. त्यांच्या कामातही हाच पेच आहे. खरं इंजिन कुठलं आणि फसवायला पेटवलेली आग कुठली?

दोन्ही खिडक्यांतून बघणारा असा दुहेरी शोधक, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा, घडवणं मात्र कर्मकठीण. निर्वात भांड्यात अणूंचे थर एकावर एक बसवत जायचं. तासाला साधारण एक मायक्रॉन जाडी वाढते. आधी कमी लांबीच्या लहरी टिपणारा थर. लांब लहरी त्यातून निसटून पुढे जातात, त्या पकडायला पाठीमागे दुसरा. दोघे एकमेकांकडे पाठ करून बसवलेले असतात. विजेची दिशा एकीकडे केली की एक बोलतो, उलटी केली की दुसरा, त्यामुळे एका ठिपक्याला तारेचा एकच सांधा पुरतो. 320 गुणिले 256 च्या चकतीवर असे 81,920 ठिपके. प्रत्येकाखाली मऊ इंडियमचा थेंब, आणि त्या थेंबांवर ही चकती सिलिकॉनच्या चिपवर पालथी दाबायची. मग सगळं उणे 196 अंशांपर्यंत गार करायचं. नाहीतर शोधकाची स्वतःचीच ऊब चित्र बुडवते. गार होताना चकती आणि सिलिकॉन सारखे आकसत नाहीत, थेंबांना चिरा जातात. पवईच्या आयआयटीत प्रा. शुभानंद चक्रवर्ती यांच्या गटाने इंडियम आर्सेनाइडच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांवर, म्हणजे क्वांटम डॉटवर, अवरक्त शोधकांचं काम केलं आहे. त्यात एक मोठा उद्देश हाच, की एवढी थंडी लागू नये. माझ्या मते सगळा खेळ इथेच अडतो. गारवा देणारं यंत्र आहे तोवर हा दुहेरी कॅमेरा रणगाड्याला परवडेल, वनखात्याला नाही.

तरी दोन पट्ट्यांचं बघणं तिसगावला अगदीच नवं नाही. 2013 साली सुटलेल्या इन्सॅट-3डी या हवामान-उपग्रहानंतरचे 3डीआर, 3डीएस हे छत्तीस हजार किलोमीटरवरून 3.9 आणि 10.8 मायक्रॉनच्या आसपास, दोन्हीकडे बघतात. रात्रीचं धुकं जमिनीइतकंच गार असतं, म्हणून नुसत्या 10.8 मध्ये ते जमिनीत मिसळून जातं. पण पाण्याचे बारीक थेंब 3.9 ला कमी किरण सोडतात. दोन चित्रांची वजाबाकी केली की धुकं उघडं पडतं. या उपग्रहांचा एक ठिपका चार किलोमीटरचा, अख्खं गाव वस्त्यांसकट त्यात बसतं. बिबट्या त्यात सापडायचा नाही. पण कांद्यावर करपा यायच्या दिवसांत इथल्या माणसाला विचारा. पहाटेच्या धुक्याची चौकशी तो बिबट्याआधी करतो.