हिंजवडीची लस आणि पेशीतल्या वाटा

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत जेनोवा कंपनीने विकसित केलेल्या कोविड लशीला जून 2022 मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. एमआरएनए तंत्रावरची ही पहिली भारतीय लस, 2 ते 8 अंश तापमानात टिकणारी. अशा लशींबद्दलची एक धास्ती मात्र अजून जात नाही: त्या म्हणे आपला डीएनए बदलतात.

असं घडत नाही. मेदाच्या सूक्ष्म कणांसोबत आलेला एमआरएनए पेशी आपलं पटल आत दुमडून एका पिशवीत घेते. त्यातून फार थोडे रेणू पेशीद्रव्यात निसटतात. उरलेले बहुतेक लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, पोचून मोडतात. निसटलेला संदेश पेशीद्रव्यातच रायबोसोम वाचतात आणि त्यावरून विषाणूचं काटेरी प्रथिन बनवतात. डीएनए असतो केंद्रकात, आणि या कामासाठी तिथे जावंच लागत नाही.

दुसरा समज असा, की तयार झालेलं प्रथिन पेशीत कुठेही तरंगत फिरतं. खरं तर या काटेरी प्रथिनाच्या सुरुवातीलाच पत्त्यासारखा एक छोटा तुकडा असतो. अशा पत्त्यांच्या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं. या तुकड्यामुळे रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेला चिकटतो आणि साखळी तयार होता होताच आत सरकते. तिथे तिला घडी पडते, शर्करा जोडल्या जातात. मग पुटिकांमधून गॉल्गी संकुल आणि तिथून पेशीचा पृष्ठभाग.

घडी चुकली तर? प्रथिन पुन्हा पेशीद्रव्यात ओढलं जातं, त्यावर युबिक्विटिनची खूण बसते आणि प्रोटिएझोम त्याचे तुकडे करतो. हे तुकडेही वाया जात नाहीत. काही परत जालिकेत शिरतात आणि पृष्ठभागावर मांडले जातात. टी-पेशी शत्रूला ओळखतात ते याच तुकड्यांवरून. मोडतोड म्हणजे बिघाड, हा समज इथेच खोटा ठरतो.

लयकारिकांना शाळेत ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणतात; हे नाव त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. त्यांची विकरं 5 च्या आसपासच्या आम्ल सामूला जोमाने चालतात. पेशीद्रव्याचा सामू साधारण 7.2, त्यामुळे थोडी गळती झाली तरी ती तिथे मंदावतात. धोका असतो तो लयकारिकेचं काम थांबण्यात. गोशे आजारात एका विकराच्या कमतरतेमुळे मेद साचतो, प्लीहा आणि यकृत सुजतात. उपचारात तेच विकर शिरेतून देतात. पेशी ते पिशवीत घेते आणि लयकारिकेपर्यंत पोचवते.