स्टॅन्ली घराणे
आयरिश समुद्रातील मॅन बेटाचे स्वामित्व १४०५ ते १७३६ या काळात, अल्पकालीन खंड वगळता, उपभोगणारे इंग्रज सरदार घराणे. सर जॉन स्टॅन्ली (मृ. १४१४) याच्यापासून घराण्याचा उत्कर्ष झाला. लँकाशरमधील लेथम जहागिरीच्या वारसदारिणीशी विवाह झाल्याने त्यास तेथील विस्तृत जमिनी मिळाल्या. मॅन बेट १२६६ मध्ये नॉर्वेकडून स्कॉटलंडकडे गेले व चौदाव्या शतकात इंग्रज सरदारांच्या हाती आले. नॉर्थम्बरलंडचा अर्ल हेन्री पर्सी याने बंड केल्यावर चौथ्या हेन्रीने ते जप्त करून १४०५ मध्ये स्टॅन्लीस दिले. पुढील वर्षी ही देणगी वंशपरंपरागत केली. मोबदला नाममात्र होता : राजनिष्ठेची शपथ व प्रत्येक राज्याभिषेकास दोन ससाणे. आरंभीचे स्टॅन्ली ‘मॅनचा राजा’ म्हणवीत. सोळाव्या शतकात ‘लॉर्ड’ हा किताब रूढ झाला, तथापि अधिकार पूर्ववत राहिले.

दुसरा सर जॉन (कार. १४१४–३७) याने बेटावर येऊन टिन्वल्ड या लोकसभेपुढे तेथील कायदे प्रथमच लेखनिविष्ट करविले. तोपर्यंत ते डीम्स्टर नावाच्या न्यायाधीशांच्या स्मरणातच असत. टॉमस स्टॅन्ली हा सातव्या हेन्रीचा सावत्र पिता. बॉझवर्थच्या लढाईनंतर, १४८५ मध्ये, त्यास डर्बीचा अर्ल करण्यात आले. त्यानंतर बेटाचे स्वामी बहुधा इंग्लंडमध्येच राहत.

बेटावरील शेतकरी आपली जमीन वंशपरंपरेने धारण करीत व न्यायसभेत गवताची काडी देऊन ती हस्तांतरित करीत. सातवा अर्ल जेम्स याने १६४३ पासून या हक्काऐवजी मुदतीचे पट्टे घेण्यास त्यांना भाग पाडण्याचा प्रयत्न केला. त्यातून साचलेला असंतोष १६५१ मध्ये, अर्ल यादवी युद्धात राजपक्षाकडून लढण्यास गेला असता, उफाळून आला. विल्यम क्रिस्टियन (मॅनी भाषेत इलियम डोन) याच्या नेतृत्वाखाली बेटवासीयांनी बहुतेक गढ्या ताब्यात घेतल्या आणि बेट पार्लमेंटच्या सैन्याच्या स्वाधीन झाले. त्याच सुमारास अर्लचा बोल्टन येथे शिरच्छेद झाला. राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर त्याचा पुत्र चार्ल्स यास बेट परत मिळाले. त्याने क्रिस्टियनवर खटला भरून २ जानेवारी १६६३ रोजी त्यास हँगो हिल येथे गोळ्या घालून ठार करविले. वस्तुतः पार्लमेंटने १६६० मध्येच सार्वत्रिक क्षमेचा कायदा केला होता. तो मॅनलाही लागू होतो, असा निर्णय राजाच्या मंत्रिमंडळाने दिला व क्रिस्टियनची मालमत्ता त्याच्या वारसास परत करविली. परंतु तोवर त्याचा देहांत झालेला होता. स्वामीच्या सर्वंकषतेची मर्यादा या प्रकरणात प्रथमच स्पष्ट झाली.

जमिनीचा प्रश्न दहावा अर्ल जेम्स याने १७०४ च्या कायद्याने मिटविला. बिशप टॉमस विल्सन याचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. शेतकऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क मान्य होऊन सारा कायम ठरला.

हा अर्ल १७३६ मध्ये निपुत्रिक वारला. डर्बीची सरदारकी पुरुषशाखेकडे गेली. मॅनचे स्वामित्व मात्र सातव्या अर्लच्या मुलीच्या वंशातून ॲथलचा ड्यूक जेम्स मरी याच्याकडे आले. ब्रिटिश राजसत्तेने ते १७६५ मध्ये ७०,००० पौंडांना विकत घेतले आणि मरी घराण्याचे उरलेले हक्क १८२८ मध्ये संपादन केले. दोन ससाण्यांची भेट अखेरची १८२१ मध्ये, चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या वेळी, देण्यात आली.