पिशवी, कागदी
किराणा दुकानातून डाळी, साखर, गूळ, तिखट, शेंगदाणे यांसारखा सुटा माल देण्यासाठी कागद दुमडून व चिकटवून केलेले वेष्टन. पुडी हा तिच्याआधीचा प्रकार होय. कागदाचा चौकोनी तुकडा शंकूसारखा वळवून, तोंड आत दुमडून वरून दोरा गुंडाळला की पुडी होते. तिला खळ लागत नाही. मात्र बांधणाऱ्याच्या हाताला सराव असावा लागतो आणि एक-दोन किलो मालाला ती पुरी पडत नाही.

पिशवीचा टिकाऊपणा मुख्यतः कागदातील तंतूंवर अवलंबून असतो. जळगाव जिल्ह्यातील अंजनी नदीकाठचे एरंडोल जाड्याभरड्या हातकागदासाठी एके काळी प्रसिद्ध होते. हा धंदा तेथे अगदीच बुडालेला नसल्याची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरकारी गॅझेटिअरांत सापडते. हातकागदासाठी जुने दोरखंड, गोणपाट व चिंध्या कुटून लगदा करीत. या तंतूंची लांबी बरीच असते आणि चाळणीवर ते सर्व दिशांनी पसरतात, त्यामुळे असा कागद दिसावयास ओबडधोबड असला, तरी चिवट असतो. यंत्रावरील कागदात तंतू बव्हंशी यंत्राच्या गतीच्या दिशेने लागतात. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटते, पण आडवे फाडू गेल्यास वाकडेतिकडे जाते, ते यामुळेच. शिवाय वर्तमानपत्री कागदाचे तंतू आखूड असल्याने ओल लागताच तो ढिला पडतो. [→ कागद].

पिशव्या करण्याच्या यंत्राचे एकस्व अमेरिकेत फ्रान्सिस वूल यांनी १८५२ मध्ये घेतले. सपाट तळाच्या पिशवीचे यंत्र मार्गारेट नाइट यांनी शोधले (एकस्व १८७१), तर चौकोनी तळाची, बाजूला चुण्या असलेली व झटकताच उघडून उभी राहणारी पिशवी चार्ल्स स्टिलवेल यांच्या यंत्रावर निघू लागली (१८८३). भारतातील दुकानांत मात्र रद्दीच्या, घरोघरी हाताने चिकटविलेल्या पिशव्याच दीर्घकाळ चालल्या. पुढे प्लॅस्टिकने त्यांना बरेच मागे सारले. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातल्यावर त्या पुन्हा पुढे आल्या. परंतु छपाईच्या शाईतील अपायकारक द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यास २०१८ च्या अन्नवेष्टनविषयक नियमांनी मनाई केली. अशा रीतीने दुकानदाराचे दोन्ही स्वस्त मार्ग बंद झाले. त्याला परवडेल अशी कोऱ्या कागदाची पिशवी बेतणे हा म्हणूनच केवळ हौसेचा विषय नव्हे.

साधी सपाट पिशवी बहुधा तळाच्या दोन कोपऱ्यांत फुटते, कारण मालाचा भार तेथे एकवटतो. कोपरे त्रिकोणी दुमडून त्यांवर तळाची पट्टी चिकटविल्यास भार विभागला जातो व साखरेसारखा बारीक माल गळत नाही. कागदाची तंतुदिशा पिशवीच्या उंचीला समांतर ठेवावी. वजन पेलण्यास ती दिशा अधिक बळकट असते आणि बाजूच्या चुण्याही स्वच्छ पडतात. दिशा ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला केल्यास त्याची सुरळी होते. सुरळीचा आस म्हणजेच तंतूंची दिशा.

चिकटपट्टी दीड ते दोन सेंमी. रुंद असावी. शिजविलेल्या मैद्याची खळ पातळ व सर्वत्र सारखी लावावी. खळ दाट झाली, तर झुरळे व कसर पिशवी खातात. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची पद्धत पुस्तकबांधणीत ठीक असेल. खाद्यपदार्थांच्या पिशवीत हे विष मुळीच नसावे.

पिशवीचे माप वजनावरून नव्हे, तर मालाच्या आकारमानावरून ठरवावे. एक किलो साखरेला सुमारे १.२ लि. जागा लागते, तर तेवढ्याच मुरमुऱ्यांना तिच्या कितीतरी पट. तिखटाच्या पिशवीचे सांधे टोकापर्यंत चिकटलेले हवेत. गूळ हवेतील ओल शोषून पाझरतो. त्यासाठी आत मेणकागदाचे अस्तर घालतात. शेव व भाजलेल्या शेंगदाण्यांसाठी तेलरोधी कागद योग्य. मात्र मेणाचे अस्तर असलेला कागद पुन्हा लगदा करण्यास अवघड जातो, म्हणून कोरड्या डाळींसाठी तो वापरणे हा अपव्यय ठरतो.

पिशवीचे वजन नगण्य नसते. २० × ३० सेंमी. पिशवीस सांध्यांसह सुमारे ०.१४ चौ.मी. कागद लागतो. दर चौ.मी.ला ४५ ग्रॅ. भरणाऱ्या वर्तमानपत्री कागदाची अशी पिशवी सु. ६ ग्रॅ., तर ८० ग्रॅ. भरणाऱ्या तपकिरी क्राफ्ट कागदाची सु. ११ ग्रॅ. भरते. पिशवीसकट पाव किलो तिखट तोलल्यास गिऱ्हाइकाचे चार टक्क्यांहून अधिक नुकसान होते. तेव्हा दुसऱ्या पारड्यात तशीच रिकामी पिशवी ठेवणे न्याय्य होय. चौकोनी तळाची पिशवी सर्वांत चांगली खरी, परंतु हाताने करताना तिला घड्या अधिक पडतात व नगावर मजुरी मिळविणाऱ्या स्त्रियांच्या दिवसभरात कमी पिशव्या होतात. मजुरीचा दर त्या प्रमाणात वाढविला नाही, तर त्रिकोणी कोपऱ्यांची सपाट पिशवीच त्यांना व दुकानदारालाही पत्करावी लागते.