पठारावरचा कुत्रा समुद्रावर नेताना

सोलापूर आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये सह्याद्रीची रांग आणि सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा रस्ता आहे. त्यामुळे मुंबईकर अलिबागला जसे शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परततात, तशी सहल सोलापूरच्या कुटुंबाला बेतता येत नाही आणि सोबत घरचा कुत्रा असेल तर ती तशी बेतूही नये. माणसांच्या सोयीने आखलेल्या सहलीत कुत्र्याला ऐनवेळी सामावून घेण्याची रीत सर्रास आढळते, परंतु तिचा सारा ताण त्या मुक्या जनावरावर पडतो. म्हणून निघण्याची वेळ, मुक्कामाचे घर आणि किनाऱ्यावर घालवायचे तास हे सर्व कुत्र्याच्या शरीराकडे पाहून आधी ठरवावे आणि माणसांचे बेत मागाहून त्यात बसवावेत, हा क्रम अधिक न्याय्य आहे.

या शरीराची एक मोठी मर्यादा उष्णतेशी निगडित आहे. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान साधारणपणे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसापेक्षा थोडे अधिक असते. उपयोगी पडतील अशा घामाच्या ग्रंथी त्याला प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांवरच असतात, त्यामुळे अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याला धापण्यावर, म्हणजे जीभ बाहेर काढून जलद श्वासोच्छ्वास करण्यावर अवलंबून राहावे लागते. धापताना जीभ, तोंड आणि श्वसनमार्ग यांवरील ओलाव्याची वाफ होते आणि त्या बाष्पीभवनामुळे रक्त थंड होते. मात्र ही क्रिया हवा कोरडी असेल तरच नीट चालते, कारण जी हवा आधीच बाष्पाने भरलेली आहे ती आणखी बाष्प सहजासहजी घेत नाही. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जाणारा असला तरी कोरडा असतो, तर रत्नागिरीचा पारा तेहतीस-चौतीस अंशांवर थांबला तरी तेथील हवा दमट असते. आकडा कमी दिसतो म्हणून किनारा कुत्र्याला सुखाचा वाटेल, असे अनुमान त्यामुळे फसवे ठरते. कोरड्या हवेत वाढलेला कुत्रा दमट हवेत धावू लागला की धापूनही त्याचे अंग निवत नाही. पग किंवा बुलडॉग यांसारख्या आखूड नाकाच्या जातींचा श्वसनमार्ग मुळातच अरुंद असल्यामुळे त्यांना हा धोका सर्वाधिक असतो. अशा कुत्र्यांना मार्च ते मे या काळात किनाऱ्यावर न नेणेच शहाणपणाचे, आणि इतरांसाठीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य होय.

उष्माघाताची चिन्हे ओळखणे घरातील प्रत्येकाला जमले पाहिजे. हिरड्या गडद लाल होणे, लाळ घट्ट व चिकट होणे, धाप न थांबणे आणि चालताना झोकांड्या जाणे यांपैकी काहीही दिसल्यास कुत्र्याला सावलीत घेऊन त्याच्या अंगावर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि मगच दवाखान्याचा रस्ता धरावा. आधी गार करणे आणि नंतर नेणे हा क्रम उलटू देऊ नये. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कुत्र्याला काही मिनिटेसुद्धा ठेवणे जीवघेणे ठरू शकते, मग ती मोटार गणपतीपुळ्याच्या वाहनतळावर असो वा मंगळवेढ्याच्या धाब्यासमोर.

प्रवासाचा मार्ग बहुतेकांसाठी एकच असतो. रत्नागिरीला सोलापूरशी जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६६ मंगळवेढा, सांगोला, मिरज आणि कोल्हापूर करत मलकापूरच्या पुढे आंबा घाटाने उतरतो आणि साखरप्यावरून रत्नागिरीकडे जातो. कोल्हापूर आणि कोकण यांना जोडणारा लोहमार्ग अद्याप झालेला नसल्यामुळे रेल्वेचा पर्याय सोयीचा नाही. शिवाय रेल्वेच्या नियमांनुसार प्रवाशाला आपला कुत्रा सोबत ठेवायचा असेल तर पहिल्या वर्गाचा संपूर्ण कक्ष आरक्षित करावा लागतो, अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत एकट्याने प्रवास करावा लागतो, जो भित्र्या जनावरासाठी फार क्लेशदायक असतो. म्हणून मोटार हेच वाहन उरते. पहाटे निघून दर दोन तासांनी थांबणे, पट्ट्याला धरून कुत्र्याला पाच-दहा मिनिटे फिरवणे आणि पाणी देणे असे धरले तर आठ-नऊ तासांचा हा प्रवास दिवसाचा बहुतेक भाग खातो. दोन दिवसांच्या सुट्टीत तो जाऊन-येऊन करणे म्हणजे कुत्र्याला समुद्र दाखवण्याऐवजी महामार्ग दाखवणे होय. सोमवारची रजा जोडून तीन दिवस, शक्य असल्यास चार दिवस काढावेत आणि कोल्हापुरात एक रात्र विसावा घ्यावा, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

घाटातील वळणांनी अनेक कुत्र्यांना, विशेषतः लहान वयाच्या पिल्लांना, गाडी लागते, कारण शरीराचा तोल सांभाळणारी अंतःकर्णातील यंत्रणा त्यांच्यात पुरती पक्व झालेली नसते. निघण्यापूर्वी तीन-चार तास खायला न देणे हा साधा उपाय बऱ्याच वेळा पुरतो, आणि न पुरल्यास उलटी थांबवणारे औषध पशुवैद्य वजन पाहून देतात. माणसांच्या गोळ्या मात्र कधीही देऊ नयेत, कारण पॅरासिटॅमॉल आणि आयबुप्रोफेन ही घरोघरी असणारी औषधे कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. आपला कुत्रा घाट सोसतो की नाही हे पाहण्यासाठी सोलापूरकरांना दूर जावे लागत नाही: पंचेचाळीस किलोमीटरवरच्या तुळजापूरचा घाट महिनाभर आधी एकदा चढून-उतरून पाहिला की पुष्कळ गोष्टी कळतात. गाडीत कुत्रा मोकळा न सोडता मागच्या आसनावर छातीपट्ट्याने बांधावा किंवा पुरेशा मोठ्या पिंजऱ्यात बसवावा. प्राण्याला अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

शिदोरीचा विचार सोलापूरकरांना सोपा जावा. नव्या जागी नवे अन्न दिले की कुत्र्याचे पोट बिघडते, म्हणून जे तो घरी खातो तेच सोबत न्यावे. भाकरीवर वाढलेल्या कुत्र्यासाठी तर सोलापूरची कडक भाकरी हा उत्तम आधार आहे, कारण ती अनेक दिवस टिकते आणि कोमट पाण्यात किंवा सवय असल्यास दुधात भिजवली की लगेच मऊ होते. त्याच पिशवीतले बेदाणे मात्र कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नयेत. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि त्यांतील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे असे पशुवैद्यकांचे अलीकडचे मत आहे. बेदाण्याच्या या जिल्ह्यात प्रवासात मूठभर बेदाणे वाटून खाण्याची सवय असल्याने लहान मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगून ठेवावी लागते.

मुक्कामासाठी मोठ्या हॉटेलापेक्षा कोकणातील घरगुती निवास बहुधा अधिक सोयीचे पडतात, परंतु "कुत्रा चालेल का?" एवढे विचारून भागत नाही. यजमानांच्या अंगणात कोंबड्या, मांजरे, गोठ्यात गाय आणि दाराशी त्यांचा स्वतःचा कुत्रा असतो. पाहुण्या कुत्र्याला पडवीत जागा मिळेल, पण माजघरात किंवा देवघराजवळ त्याने जाऊ नये अशी अनेक घरांची रीत असते, आणि काही घरांत मांसाहारी अन्न शिजवता येत नाही. हे सर्व फोनवर मोकळेपणाने विचारावे, कुत्रा किती मोठा आहे, भुंकतो का, कोंबड्यांच्या मागे लागतो का हे खरे सांगावे, आणि रात्री त्याला कुठे बांधायचे ते आधीच ठरवावे. अंथरायला घरची जुनी चादर नेली तर ओळखीच्या वासाने कुत्रा नव्या जागी लवकर स्थिरावतो.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर पट्टा सोडण्याचा मोह आवरणे हे सोलापूर भागातील अनेक कुत्र्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे. दख्खनच्या पठारावरचा करवानी आणि त्याच्याच कुळातला, शेजारच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या नावाने ओळखला जाणारा, २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याच्या तिकिटावर आलेला मुधोळ हाउंड हे दोन्ही नजरेने शिकार करणारे कुत्रे आहेत. बहुतेक कुत्रे वासाचा माग काढतात. हे मात्र दूरवर हलणारी वस्तू दिसताच तिच्यामागे सुटतात आणि सुटल्यावर हाक ऐकत नाहीत. हिवाळ्यात कोकणच्या वाळूवर स्थलांतरित कुरव पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात, आणि असा थवा उडताच करवानी दोन-तीन किलोमीटर निघून गेला तर त्याला अनोळखी गावात शोधणे कठीण होते. खोल छातीच्या या जातींना भरल्या पोटी धावल्यास जठर फुगून पिळा पडण्याचाही धोका असतो, म्हणून जेवण आणि धावणे यांत दीड-दोन तासांचे अंतर ठेवावे. दहा मीटरचा लांब पट्टा हा यावरचा चांगला तोडगा आहे.

पहाटेचा किनारा कामाचा असतो. जेथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना धरून ओढायचे मोठे जाळे, अजून लावली जाते तेथे सकाळी दोरांवर माणसे असतात, वाळूत मासळी तडफडत असते, आणि जाळ्यातून टाकून दिलेल्या माशांत फुगणारा विषारी केंड मासाही सापडतो. तो मेलेला असला तरी त्याच्या अंगातील विष कायम राहते, म्हणून कुत्र्याला वाळूवरचे काहीही उचलू देऊ नये. खळ्यावर वाळत घातलेली खारवलेली मासळी हे कोणाच्या तरी घरचे उत्पन्न असते, तेथून कुत्र्याला दूरच ठेवावे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खेळताना ते पोटात गेले की उलट्या-जुलाब होतात आणि जास्त गेल्यास रक्तातील सोडियम वाढून झटके येऊ शकतात, त्यामुळे दर पंधरा-वीस मिनिटांनी गोडे पाणी पुढे करणे आवश्यक असते.

कासवांचा विषय याहून गंभीर आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूवर येऊन खड्डा खणतात, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परततात, आणि ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळास येथे या घरट्यांच्या रक्षणाचे काम उभे केले, आणि आज आंजर्ले, गुहागर, गावखडी अशा अनेक किनाऱ्यांवर गावकरी कासवमित्र पहाटे घरटी शोधतात. ही कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरटी उकरणाऱ्या प्राण्यांत कोल्ह्याबरोबर कुत्र्याचाही क्रमांक लागतो, आणि पाळलेल्या, पोट भरलेल्या कुत्र्यालाही वाळू उकरण्याची उपजत ओढ असते. नान्नजच्या माळावर जमिनीवर एकच अंडे घालणाऱ्या माळढोकाला मोकाट कुत्र्यांचा धोका असतो हे सोलापूरच्या वाचकाला ठाऊक आहेच. वेळासच्या वाळूतील घरट्यालाही तोच धोका आहे. कुत्र्याला घेऊन जाताना या हंगामात कासवांच्या किनाऱ्यांऐवजी दुसरा किनारा निवडावा, आणि जेथे जायचे तेथील ग्रामपंचायतीला किंवा यजमानांना आधी विचारावे.

परतण्यापूर्वी कुत्र्याला गोड्या पाण्याने धुवून बोटांच्या बेचक्यांतील वाळू काढावी आणि लॅब्रॅडॉरसारख्या लोंबत्या कानांच्या जातींचे कान आतून कोरडे करावेत, कारण ओलसर कानात बुरशीचा संसर्ग लवकर होतो. त्यानंतर चांगल्या उजेडात काखा, मानेखालचा भाग आणि कानांच्या घड्या बोटांनी चाचपून गोचिडी काढाव्यात. कोकणातील झाडीतून लागलेल्या गोचिडींमुळे होणारा ताप लगेच दिसत नाही, तो एक ते तीन आठवड्यांनी डोके वर काढतो. सोलापुरात परतल्यावर कुत्रा सुस्त झाला, खाणे सोडले किंवा नाकातून रक्त आले तर तो कोकणात जाऊन आला आहे, ही गोष्ट पशुवैद्याला पहिल्याच भेटीत सांगावी.