दहा चौकोनांचा फॉर्म

अवयवदान शिबिराचा फोटो तुम्ही पाहिलेलाच आहे: फीत, पाहुणे, हिरवा फलक. फोटोबाहेर टेबलं उचलणाऱ्यांत मी असायचो. (फोटोत येण्यासाठी आधी भाषण करावं लागतं.)

नाशिकच्या आमच्या मंडळाला परदेशी दात्यांचं वेड लागलं ते मुंबईच्या बातमीमुळे. जानेवारी 2023 मध्ये तिथे फिरायला आलेल्या 67 वर्षांच्या स्पॅनिश बाई मेंदूमृत झाल्या आणि घरच्यांनी अवयव दिले. स्पेन या कामात वर्षानुवर्षं जगात पुढे, तेव्हा त्यात नवल नव्हतं. गंमत पुढे आहे. आपल्याकडे वाटपाच्या रांगेत आधी भारतीय रुग्ण, परदेशी सर्वांत शेवटी. यकृत, मूत्रपिंडं, फुप्फुसं भारतीयांना मिळाली. हृदय मात्र लेबननच्या रुग्णाला. रांगेत मागे उभा होता, त्यालाच काळीज पावलं!

मग आम्हीही इंग्रजी टेबल मांडलं. इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवस मौन पाळून आलेले एक जर्मन गृहस्थ त्यावर येऊन बसले आणि साठलेलं सगळं बोलले. परक्या माणसाचे अवयव इथे कोणी घेतं का, ही त्यांची शंका. घेतात, म्हटलं. ऑनलाइन नोंदणीला आधार लागतं हे आठवून आमचे सचिव ‘सॉरी’ म्हणायच्या बेतात होते, तोच गृहस्थांनी खिशातून आधार कार्ड काढलं. 182 दिवस इथे राहिलेल्या परदेशी रहिवाशालाही ते मिळतं. पाच मिनिटांत त्यांचं काम झालं. त्या भरात सचिवांनी स्वतःची नोंदणी करायला घेतली. ओटीपी गेला त्यांच्या कधीच्या बंद पडलेल्या नंबरवर.

तिसऱ्या शिबिराच्या शेवटी टेबलं आवरत होतो. सभागृहाचा वॉचमन जवळ आला. “साहेब, हा कागद मला चालेल?” सगळे त्याला बहादूर म्हणत. घर नेपाळात, नोकरी नाशकात. तीन शिबिरं आम्ही परदेशी माणूस शोधत होतो आणि फाटक तोच उघडून देत होता!

“आधी का नाही बोललास?”

“आमच्याकडे किडनीचं काम दलाल करतात, साहेब.”

नेपाळच्या काभ्रे जिल्ह्यातलं होक्से ‘किडनीचं गाव’ म्हणूनच ओळखलं जातं. भारतात नेऊन मूत्रपिंड काढण्याआधी दलाल सांगायचे, पुन्हा उगवतं. आम्ही मोठ्या अक्षरांत ‘दान’ लिहिलं होतं. त्याला त्यात गिऱ्हाईक दिसत होतं.

मी समजावलं: हे मेंदूमृत झाल्यानंतरचं, पैशाचा संबंध नाही, आणि आज तू सही केलीस तरी त्या वेळी घरच्यांना विचारूनच.

“मग बायकोला फोन लावावा लागेल. लावाल ना?”

फॉर्म भरताना त्याचं खरं नाव मला पहिल्यांदा कळलं. नातेवाइकाच्या फोनसाठी आम्ही हौसेने दहा चौकोन छापले होते. नेपाळचा नंबरही दहा आकडीच, पण आधी 977 हवा. मी दुसरा कागद शोधू लागलो.

“राहू द्या, साहेब. गेटच्या रजिस्टरात रोज असंच होतं,” तो म्हणाला, आणि 977 समासात लिहून मोकळा झाला.