मैदानावरची दोस्ती, दुकानातली वही

भातकुलीचा व्यापारी अमरावतीच्या बाजारात गेला की कॉलेजातला, मैदानावरचा एखादा जुना सोबती भेटतोच. अमरावतीला खेळाची परंपरा मोठी. वैद्य बंधूंनी १९१४ साली येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी खेळून दाखवली. अशा गावात आजोबांमागून नातूही मैदानात उतरतो आणि दोन घरांचा दोस्ताना टिकतो. याच ओळखीवर सुताराला सागवानी मल्लखांबाचे काम मिळते, दुकानदाराला उधार माल मिळतो.

आमचे सांगणे एवढेच : दोस्ताची उधारीही वहीत लिहा, मुदत ठरवा, साक्षीदार ठेवा. विसरलेल्या रकमेपायी पन्नास वर्षांची दोस्ती तुटू नये.