शेळीच्या रक्तातले परजीवी: दिसतात कमी, असतात जास्त



“जंताचं औषध दोनदा पाजलं, तरी शेळी सुधारत नाही, पापणी पांढरीच.” पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत ही तक्रार हमखास असते. अशा वेळी रक्तातल्या परजीवींचा विचार करायला हवा.

शेळीत मुख्यतः चार सापडतात: ॲनाप्लाझ्मा, थायलेरिया, बबेसिया आणि सर्रा रोगाचा ट्रिपॅनोसोमा. पहिले तीन गोचिडांमार्फत येतात, सर्रा चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे. (ॲनाप्लाझ्मा खरं तर जिवाणू आहे, पण तो तांबड्या पेशीत राहतो म्हणून डॉक्टर त्यालाही याच यादीत धरतात.) शेजारच्या संकरित गाईला थायलेरिया झाला म्हणून आपल्या शेळीलाही तोच लागला, असं सहसा नसतं. गाईचा थायलेरिया वेगळ्या जातीचा, शेळीचा वेगळा.

हे कितपत आढळतं? जिथे गोचीड आहे तिथल्या कळपात ते असणारच असं धरून चाला. पण रक्तात परजीवी असणं आणि शेळी आजारी असणं यात फरक आहे. ॲनाप्लाझ्मा एकदा शिरला की शेळी बरी होते, चरते, विते, पण तो रक्तात थोड्या प्रमाणात राहूनच जातो, बऱ्याचदा जन्मभर. अशी शेळी बाहेरून ठणठणीत दिसते. ताण आला की आजार वर येतो: गाभणपणाचे शेवटचे दिवस, बाजारातून टेंपोचा लांब प्रवास, चाऱ्याची टंचाई, पोटातल्या जंतांचा भार. म्हणून बाजारातून आणलेली शेळी निदान तीन आठवडे वेगळी बांधा आणि गोचीड काढल्याशिवाय कळपात सोडू नका.

तपासणीतही हे परजीवी सहज हाती लागत नाहीत. पाळीव जनावरांत शेळीची तांबडी पेशी सगळ्यात लहान, आणि ॲनाप्लाझ्मा म्हणजे तिच्या कडेला एक बारीक ठिपका. रक्ताच्या एका थेंबात अशा कोट्यवधी पेशी. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नाही तरी परजीवी नाहीच असं म्हणता येत नाही. पीसीआर तपासणीत त्याहून बऱ्याच जास्त शेळ्या बाधित निघतात.

आता मुख्य गोंधळ. पापणी पांढरी होण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण अजूनही पोटातला रक्त पिणारा जंत, हिमाँकस, हेच आहे. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त पितो. हजार जंत असतील तर रोजचे ५० मिली गेले, आणि २५ किलोच्या शेळीत एकूण रक्त जेमतेम पावणेदोन लिटर. जंतात जबड्याखाली पाण्याची सूज येते, पण सहसा ताप नसतो. रक्तातल्या परजीवीत सुरुवातीला ताप असतो. म्हणून सकाळी, ऊन तापायच्या आधी थर्मामीटर लावा. १०४ च्या वर पारा, खाणं कमी, पापणी फिकट किंवा पिवळसर, खांद्यापुढची गाठ सुजलेली, शेळी गाभडली, यातलं काही दिसलं तर थांबू नका. बबेसियात लघवी लालसर होते, ॲनाप्लाझ्मात होत नाही. त्यामुळे “लघवी साफ आहे म्हणजे रक्ताचा आजार नाही” हा हिशोब चुकतो. आणि एकाच शेळीत जंतही आणि परजीवीही, असं तर नेहमीच होतं.

अंदाजाने सुई मारू नका. ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन, थायलेरियाला बुपार्वाक्वोन, बबेसिया आणि सर्राला डायमिनाझिन. प्रत्येकाचं औषध निराळं. डायमिनाझिनचा डोस जास्त झाला तर शेळीला बाधतो. बुपार्वाक्वोन महाग आहे, चुकीच्या आजारावर गेलं तर पैसे वाया आणि दिवसही. औषध आणि डोस डॉक्टरच ठरवतील, दूध-मांस किती दिवस वापरायचं नाही हेही त्यांनाच विचारा.

रक्ताचा नमुना औषध देण्याआधी घ्यायला सांगा. एकदा सुई दिली की काचपट्टीवर परजीवी दिसणं अवघड होतं. काचपट्टीसाठी कानाच्या टोकाचा पहिला थेंब चांगला. पट्टी हवेत वाळवा आणि झाकून ठेवा, माश्या वाळलेलं रक्त खाऊन टाकतात. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त थंड ठेवा, पण गोठू देऊ नका. तपासणीसाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. फिरत्या पथकासाठी टोल फ्री १९६२.

गोचीड शेळीच्या अंगावर थोडा वेळच असतो. बाकीचा काळ गोठ्याच्या भेगांत, दगडाखाली, गवतात जातो, अंडीही तिथेच घालतो. नुसत्या शेळीवर फवारणी करून म्हणूनच भागत नाही. भेगा बुजवा, गोठ्यातही फवारणी करा. औषधाचं प्रमाण बाटलीवर असेल तेवढंच, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. कानाच्या आत, शेपटीखाली, कासेजवळ बोटाने चाचपून बघा.

अजून एक, लसीकरणाच्या दिवशी एकच सुई सगळ्या कळपाला वापरू देऊ नका. रक्त लागलेल्या सुईतून ॲनाप्लाझ्मा आणि सर्रा थेट पुढच्या शेळीत जातात. सुईचा खर्च काही रुपयांचा आहे, पैसे कमी पडले तर सुया आपण आणून द्या.

शंका असल्यास शेळीचं वय, गाभण आहे का, सकाळचा ताप आणि पापणीचा उजेडातला फोटो याच नंबरवर पाठवा. फोटोवरून औषध सांगणार नाही, पण डॉक्टरांकडे लगेच न्यायचं की जंताचं बघायचं एवढं नक्की सांगू.